लेझर आयन-स्रोताची कुळकथा

लेझर आयन-स्रोत हे नेमक्या रंगाच्या प्रकाशाने एकाच मूलद्रव्याचे अणू निवडून त्यांचे आयन करणारे साधन आहे. किरणोत्सारी समस्थानिकांचा शुद्ध झोत मिळवण्याचा हा एक नेमका मार्ग. त्याची गरज मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याच्या दोन धातूंवरून कळते. भरवेलीच्या खाणीतील मँगनीजचा प्रत्येक अणू ५५ वस्तुमानांकाचा असतो, तर मलाजखंडच्या तांब्यात ६३ आणि ६५ असे दोनच प्रकार आढळतात. या धातूंचे इतर समस्थानिक टिकत नाहीत, ते घडवावेच लागतात.

जिनिव्हाजवळील सर्न संस्थेचे आयसोल्ड केंद्र १९६७ पासून असे समस्थानिक घडवण्याचे काम करते. प्रोटॉनांच्या माऱ्याने युरेनियमची अणुकेंद्रे फुटतात आणि नाना मूलद्रव्ये एकदमच बाहेर पडतात. चुंबक त्यांच्या आयनांची वस्तुमानानुसार विभागणी करतो. पण ७० वस्तुमानांकाचे तांबे आणि तेवढ्याच वस्तुमानांकाचे गॅलियम यांच्यापुढे त्याची मात्रा चालत नाही.

मात्र प्रत्येक मूलद्रव्यातील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या निराळ्या असतात. त्या पातळ्यांना जुळणाऱ्या लेझरांनी इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने वर चढवत अणूबाहेर काढण्याची पद्धत मॉस्कोजवळच्या त्रोइत्स्क येथे व्लादिलेन लेतोखोव यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी विकसित केली. १९८० च्या दशकात त्यांनी सहकारी मिशिन यांच्यासह ती आयन-स्रोतासाठी सुचवली. पुढच्या दशकात आयसोल्डने ती स्वीकारली.

स्रोताचा गाभा म्हणजे ३ मिलिमीटर आतील व्यासाची, बोटाच्या पेराहून थोडी लांब धातूची नळी. ती सुमारे २००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. अणू तिच्यातून मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात निसटतो, म्हणून लेझरचे सेकंदाला दहा हजारांच्या आसपास स्पंद लागतात. सुरुवातीला आयसोल्डमध्ये ही गरज तांब्याच्या वाफेच्या लेझरांनी भागवली. त्यांचा हिरवा आणि पिवळा प्रकाश रंजक-लेझरांना चालना देई, आणि हवा तो रंग त्यांतून साधला जाई. असे ताम्रबाष्प-लेझर मध्य प्रदेशातच, इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्रातही बनले. आयसोल्डने २००८ मध्ये आपल्या ताम्रबाष्प-लेझरांच्या जागी घन-अवस्था लेझर बसवले.

या तंत्रामुळे १९९९ पर्यंत ६९ वस्तुमानांकापर्यंतच्या मँगनीजचा ऱ्हास मोजता आला. २००४ मध्ये तर ७० वस्तुमानांकाच्या तांब्याच्या अणुकेंद्राची तीन रूपे ओळखता आली. लेझरचा रंग केसभर सरकवला की एक रूप वाढे, दुसरे घटे. या तंत्राचे खरे मोठेपण इथेच दिसते.

एक उणीव मात्र राहते: गॅलियम, रुबिडियम यांसारखी सहज आयन होणारी मूलद्रव्ये तापलेल्या नळीतच आयन होऊन झोतात मिसळतात. म्हणून संशोधक लेझर बंद ठेवूनही मोजणी करतात आणि ती पहिल्या मोजणीतून वजा करतात.