निवासी इमारतींची तपासणी

निवासी इमारतींची तपासणी म्हणजे राहते घर आणि ते ज्या इमारतीत आहे ती इमारत यांची पाहणी करून बांधकामातील दोष, त्या दोषांची कारणे व आवश्यक दुरुस्ती निश्चित करण्याची प्रक्रिया होय. घर विकत घेताना किंवा ताब्यात घेताना केली जाणारी पाहणी ही एका सदनिकेपुरती असते. संपूर्ण इमारतीच्या भारवाहक सांगाड्याच्या तपासणीस संरचनात्मक परीक्षण अथवा स्ट्रक्चरल ऑडिट असे म्हणतात. प्रस्तुत लेखात मुख्यत्वे महाराष्ट्रातील प्रबलित सिमेंट काँक्रीटच्या (आरसीसी) इमारतींचा विचार केला आहे.

ओल, भेग, गंज, पोपडे ही बहुधा दोषाची लक्षणे असतात. मूळ दोष अन्यत्र असू शकतो. लक्षणावरून कारणापर्यंत पोहोचणे हे तपासणीचे मुख्य कार्य आहे. कारण न शोधता केलेला गिलावा व रंगकाम यांमुळे दोष दूर होत नाही, तो केवळ दृष्टीआड होतो आणि आत वाढत राहतो.

कायदेशीर पार्श्वभूमी

मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब अन्वये ३० वर्षांहून जुन्या इमारतींचे नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून परीक्षण करून घेणे मालकावर किंवा भोगवटादारांवर बंधनकारक आहे. राज्यातील अन्य महानगरपालिकांसाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम २६५-अ हे तत्सम कलम आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींचे दर ५ वर्षांनी, तर त्याहून जुन्या इमारतींचे दर ३ वर्षांनी परीक्षण अपेक्षित आहे.

नव्या घरांच्या बाबतीत स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ मधील कलम १४ (३) महत्त्वाचे ठरते. ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत संरचना, कारागिरी वा गुणवत्तेतील दोष निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने तो ३० दिवसांत कोणताही आकार न घेता दूर करावयाचा असतो. यामुळे ताबा घेतेवेळी व पाचवे वर्ष संपण्यापूर्वी केलेल्या तपासणीच्या लेखी नोंदींना विशेष मोल असते.

सर्वसाधारण दोष

ओल व गळती : कोकणपट्टीत व मुंबई परिसरात सर्वाधिक आढळणारा हा दोष आहे. गच्चीवरील कोब्याला पडलेल्या भेगा, पन्हळींचे तुंबणे, बाहेरील भिंतींचे तडे, खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटी आणि स्वच्छतागृहातील नळ व सांडपाण्याच्या नळ्यांचे सांधे ही पाण्याच्या प्रवेशाची प्रमुख स्थाने होत. पाणी उताराच्या व फटींच्या दिशेने वाहत जाते. म्हणून ओलीचा डाग जेथे दिसतो तेथेच गळतीचे मूळ असेल असे नाही. पावसाळ्यात वाढून उन्हाळ्यात वाळणारी ओल बहुधा गच्ची किंवा बाह्य भिंतीतून येते, तर बारमाही ओल नळ अथवा स्नानगृहाकडे निर्देश करते. तळमजल्याच्या भिंतींत जमिनीतील ओलावा वर चढतो व पाण्यासोबत आलेले क्षार पृष्ठभागावर पांढऱ्या थराच्या रूपाने साठतात. यालाच भिंतीला लोणा लागणे असे म्हणतात.

भेगा : गिलाव्यातील केसासारख्या बारीक व जाळीदार भेगा आकुंचनामुळे पडतात; त्यांचा इमारतीच्या बळावर सहसा परिणाम होत नाही. तुळई आणि विटांची भिंत यांच्या सांध्यावरील सरळ भेग ही दोन भिन्न पदार्थांच्या प्रसरणातील फरकामुळे उद्भवते. दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपी जाणारी आणि रुंदावत जाणारी भेग मात्र पाया खचल्याचे चिन्ह असू शकते. खांब किंवा तुळईवर सळईच्या रेषेत पडलेली भेग सर्वांत गंभीर मानली जाते, कारण ती आतील सळई गंजत असल्याचे दर्शविते. भेग वाढत आहे की स्थिर आहे हे पाहण्यासाठी तिच्यावर काचेची पट्टी घट्ट बसवून तारीख नोंदवितात. पट्टी तडकल्यास हालचाल चालू असल्याचे समजते.

सळईचा गंज : काँक्रीटच्या अल्कधर्मी गुणामुळे आतील पोलाद सुरक्षित राहते. हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये शिरून हा गुण कमी करतो. या क्रियेस कार्बनीकरण म्हणतात. समुद्रकिनारी क्षारयुक्त हवा आणि ओलावा यांमुळे गंजण्याची क्रिया अधिक वेगाने होते. गंजाचे आकारमान मूळ पोलादाच्या कित्येक पट असल्याने त्याच्या दाबाने बाहेरचे काँक्रीट फुगते, तडकते व शेवटी ढलप्यांच्या रूपाने गळून पडते. भारतीय मानक आयएस ४५६ : २००० मध्ये सळईवरील काँक्रीटचे किमान आवरण सौम्य वातावरणात २० मिलिमीटर, तर तीव्र वातावरणात ४५ मिलिमीटर असावे असे म्हटले आहे. अपुरे आवरण हा जुन्या इमारतींतील गंजाचे एक प्रमुख कारण आहे.

रहिवाशांनी केलेले बदल : खांब वा तुळईत नळ्यांसाठी झिरी पाडणे, भिंती हलविणे, सज्जा खोलीत सामावून घेणे, स्नानगृहाची जागा बदलणे आणि गच्चीवर जड टाक्या ठेवणे यांमुळे मूळ आराखड्यात न धरलेला भार सांगाड्यावर येतो. जुलै २०१७ मध्ये मुंबईतील घाटकोपर येथे निवासी इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावर नूतनीकरण करताना आधारखांबांना इजा पोहोचविल्याचा आरोप त्या प्रकरणात झाला होता.

अन्य दोष : फरशीखाली पोकळी राहणे, स्नानगृहाच्या जमिनीचा उतार जाळीच्या विरुद्ध दिशेस असणे, अर्थिंगचा अभाव, विजेचा झटका टाळणारे आरसीसीबी उपकरण न बसविणे, लाकडी चौकटींना वाळवी लागणे आणि भिंतींच्या फटींत पिंपळ-वडाची रोपे वाढणे हे दोषही वारंवार नोंदविले जातात. रोप वरून तोडल्याने मुळे मरत नाहीत व फट रुंदावत जाते.

तपासणीची पद्धती

प्रथम आराखडे, बांधकामाचे वर्ष, पूर्वीच्या दुरुस्त्या आणि रहिवाशांच्या तक्रारी यांची माहिती घेतली जाते. त्यानंतर तळघरापासून गच्चीपर्यंत प्रत्यक्ष पाहणी होते. फरशी व गिलाव्यावर हलके ठोकून पोकळ आवाज येतो का हे तपासतात. स्नानगृहात किंवा गच्चीवर २४ ते ४८ तास पाणी साठवून, प्रसंगी त्यात रंग मिसळून, गळतीचा मार्ग शोधला जातो.

सांगाड्याच्या तपासणीसाठी पुढील चाचण्या प्रचलित आहेत :

- रिबाउंड हॅमर चाचणी : पृष्ठभागाच्या कठीणपणावरून काँक्रीटच्या बळाचा अंदाज घेतला जातो.
- श्राव्यातीत ध्वनिवेग चाचणी : आयएस १३३११ (भाग १) : १९९२ या मानकाने रूढ केलेल्या प्रतवारीनुसार सेकंदाला ३.५ किलोमीटरहून अधिक वेग चांगल्या काँक्रीटचा, तर ३ किलोमीटरहून कमी वेग संशयास्पद काँक्रीटचा निदर्शक असतो.
- फिनॉल्फ्थॅलिन चाचणी : ताज्या फोडलेल्या भागावर द्रावण टाकल्यास निरोगी काँक्रीट गुलाबी होते, कार्बनीकरण झालेल्या भागाचा रंग बदलत नाही.
- हाफ-सेल चाचणी : विद्युतविभव मोजून सळई गंजत असण्याची शक्यता ठरविली जाते.
- गाभा चाचणी : काँक्रीटचा दंडगोल नमुना काढून प्रयोगशाळेत त्याचे बळ मोजले जाते.

बृहन्मुंबई महानगरपालिकेत इमारतींचे वर्गीकरण सी-१, सी-२ए, सी-२बी आणि सी-३ असे होते. सी-१ म्हणजे राहण्यास धोकादायक व रिकामी करून पाडावयाची इमारत. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करावयाची. सी-२बी म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती करावयाची. आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची गरज असलेली इमारत होय.

नेहमी उपस्थित होणारे प्रश्न

गळतीचा खर्च कोणी करावा, हा गृहनिर्माण संस्थांतील सर्वांत मोठा वादविषय आहे. आदर्श उपविधींनुसार गच्ची, पावसाचे पाणी आणि सामाईक नळ्या यांतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करावयाची असते. सदनिकेतील शौचालय, मोरी इत्यादींतून होणाऱ्या गळतीचा खर्च संबंधित सभासदाकडे असतो. म्हणूनच गळतीचे मूळ निश्चित करणारा अहवाल शेजाऱ्यांमधील वाद मिटविण्यासही उपयोगी पडतो.

नव्या इमारतीस तपासणीची गरज नाही, हा समज निराधार आहे. ऑगस्ट २०२० मध्ये रायगड जिल्ह्यातील महाड येथे तुलनेने नवी पाच मजली इमारत कोसळून १६ जणांनी प्राण गमावले. वयाइतकेच बांधकामाचे साहित्य व कारागिरीही निर्णायक असतात.

तपासणी कोणत्या ऋतूत करावी, असेही विचारले जाते. गळतीचे मार्ग भर पावसाळ्यात स्पष्ट दिसतात. दुरुस्ती मात्र भिंती पूर्ण वाळल्यावर, कोरड्या दिवसांत करणे योग्य असते. विक्रीपूर्वी नुकताच रंग दिलेले घर पाहताना कपाटांच्या मागील बाजू, स्वच्छतागृहालगतच्या भिंती आणि छताचे कोपरे विशेष लक्षपूर्वक पाहावेत.

मर्यादा

फसवे छत, भिंतीला जोडलेली कपाटे आणि आच्छादित नळ्या यांमागील दोष साध्या पाहणीत दिसत नाहीत. चाचण्या निवडक ठिकाणीच घेतल्या जातात. त्यामुळे अहवाल म्हणजे इमारतीच्या भावी आयुष्याची हमी नव्हे. पाहिलेले व न पाहता आलेले भाग, दोषांची छायाचित्रे, संभाव्य कारणे आणि दुरुस्तीचा अग्रक्रम यांचा अहवालात स्वतंत्र उल्लेख असणे आवश्यक मानले जाते. दुरुस्तीनंतर पुन्हा परीक्षण केल्याशिवाय मूळ कारण दूर झाले की नाही हे कळत नाही.