गादा आणि गादी

आम्ही गिरगावकर समुद्राकाठी राहतो असं भूगोलाच्या पुस्तकात असतं. प्रत्यक्षात आम्ही भेळेच्या काठी राहतो. चौपाटीवर गेलेला अस्सल गिरगावकर भेळवाल्याकडे तोंड आणि अरबी समुद्राकडे पाठ करून बसतो. समुद्राकडे तोंड वर्षातून एकदाच, अनंत चतुर्दशीला. आणि तेव्हा डोळ्यांत पाणी असल्यामुळे फारसं काही दिसत नाही.

आमचे बाबा याला अपवाद होते. मूळचे मालवणचे. कचेरीत जाण्याआधी रोज पहाटे चौपाटीवर फेरी. १९६८च्या डिसेंबरात एके सकाळी ते धापा टाकत जिना चढून आले नि गॅलरीतूनच ओरडले, "गादा! चौपाटीसमोर गादा आलाय!"

डॉल्फिनला मालवणकडे गादा म्हणतात हे चाळीत कुणाला ठाऊक? दोन-तीन दारांतून डोकी बाहेर आली आणि कुणीतरी अत्यंत आस्थेनं विचारलं, "गादी? कुणाची वाहून गेली?"

झालं! पुढं कितीतरी वर्षं कुणी गच्चीवर गादी वाळत घातली की "समुद्रातनं आली वाटतं?" हे ठरलेलं. बाबा आधी हसायचे, मग हसेनासे झाले, आणि मग त्यांनी तो विषयच सोडला. मी तेव्हा दहा वर्षांचा. चाळीबरोबर मीही हसायचो.

वास्तविक बाबांची बाजू घ्यायला एक मोठा फ्रेंच पंडित उभा होता. दुस्सुमिए नावाच्या दर्यावर्दी व्यापाऱ्यानं मलबार किनाऱ्यावरून पॅरिसला नेलेल्या एका डॉल्फिनवरून क्युव्हिएनं १८२९ सालीच या प्राण्याचं बारसं केलं होतं. पाठीवर कुबड, रंग शिशासारखा, म्हणून नाव 'प्लंबिया'. शिशाला लॅटिनमध्ये 'प्लंबम' म्हणतात. आपला प्लंबरही त्याच घराण्यातला. आमच्या चाळीचा अनुभव विचाराल तर दोघांचं वागणंही एकच: क्षणभर दर्शन द्यायचं, की पुन्हा बुडी. हा कुबडवाला डॉल्फिन खोल समुद्रात जातच नाही, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहतो. म्हणजे आपला शेजारीच. पण चाळीत शेजाऱ्याकडे लक्ष जातं ते त्याच्याकडे पाहुणे आले की!

देवमाशाचंही तेच. २०१५ साली कुणकेश्वरजवळ निळा देवमासा पिल्लासह जिवंत दिसला, जगातला सर्वांत मोठा प्राणी, ती बातमी आम्ही चहाबरोबर वाचली नि पान उलटलं. जानेवारी २०१६ मध्ये जुहूला सुमारे ३५ फुटांचा देवमासा मरून लागला, तेव्हा मात्र बघ्यांची ही गर्दी! मेल्यावर भेटायला जाण्यात आपण कधी चुकत नाही.

मग आला २०२० चा मार्च. टाळेबंदी. मुंबईच्या किनाऱ्याजवळ डॉल्फिन दिसल्याची चित्रं घरोघरी फिरली. "माणसं घरात बसली म्हणून परत आले हो!" असं जो तो सांगू लागला. परत कसले? ते गेलेच नव्हते. आपणच पहिल्यांदा खिडकीशी बसलो होतो. मला बाबांना हाक मारावीशी वाटली. पण त्यांना जाऊन तोवर एकोणीस वर्षं झाली होती.

गेल्या हिवाळ्यात नातवाच्या हट्टापायी दापोलीजवळच्या मुरुडला गेलो. गिरगावातून तिथवर रात्रभराचा प्रवास, आणि वर माणशी पैसे मोजून होडी. सकाळी सातला निघालो. पाऊण तास नुसतं पाणी. आमच्या हिनं लिंबू नाकाशी धरलेलं, मी काठ धरलेला. नातवानं "आजोबा, आला का?" असं इतक्यांदा विचारलं की प्लंबरची वाट पाहण्याचे दिवस आठवले. मग होडीवाल्यानं इंजिन बंद केलं. "फुस्स" असा आवाज झाला आणि पाण्यातून एक राखाडी पाठ वर आली, कुबडासकट, सावकाश वळली नि गेली. मग दुसरी. तिच्या अंगाला चिकटून एक छोटी.

"मुंबईचे ना तुमी?" होडीवाला म्हणाला. "मग इतक्या लांब कशाला आलात? थय पण असतात की."

"आजोबा, तुम्ही कधी गिरगावात पाहिलात?"

"मी नाही. माझ्या बाबांनी पाहिला होता."

"मग तुम्ही का नाही गेलात बघायला?"

त्या सकाळी बाबांनी जिन्यावरूनच मला हाक मारली होती. "चल लवकर, अजून असेल तिथं." चौपाटी आमच्यापासून सात मिनिटांवर. मी मोरीत दात घासत होतो. हसू आल्यामुळं तोंडातली पावडर सांडली, एवढं मला अजून आठवतं.