तेरेसा जोर्नेत : शिक्षिका ते वृद्धांची माता

तेरेसा जोर्नेत इबार्स यांचा जन्म ९ जानेवारी १८४३ रोजी स्पेनमधील कातालोनियातल्या आयतोना या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. घरात धर्मनिष्ठा होती आणि तिची किंमत मोजलेली माणसेही होती. त्यांचे चुलत आजोबा फ्रान्सिस्को पालाऊ हे कार्मेल संघाचे संन्यासी. १८३५ मध्ये बार्सिलोनात मठांना आगी लावण्यात आल्या, तेव्हा त्यांचा मठ सुटला आणि पुढे अनेक वर्षे त्यांनी फ्रान्समध्ये काढली. तेरेसांच्या आयुष्याला ज्या राजकारणाने दोनदा वळण दिले, त्याची झळ अशी त्यांच्या जन्माआधीच घरापर्यंत पोचली होती.

लेरिदा येथे शिक्षण घेऊन तेरेसा शिक्षिका झाल्या आणि बार्सिलोना प्रांतातल्या आर्जेन्सोला या लहानशा गावात मुलींना शिकवू लागल्या. स्पेनमध्ये १८५७ चा शिक्षण कायदा नुकताच लागू झालेला होता. सहा ते नऊ वर्षांच्या मुलामुलींना शाळा सक्तीची झाली, मोठ्या गावांना मुलींची वेगळी शाळा काढणे भाग पडले आणि त्यामुळे शिक्षिकांची गरज वाढली. मात्र मुलग्यांना शेती आणि व्यापाराची तोंडओळख करून दिली जाई, त्या जागी मुलींना शिवणकाम, त्याला लागणारे रेखाटन आणि घरगुती आरोग्य शिकवायचे, असे खुद्द कायद्यातच लिहिले होते. शिक्षिकेचा पगार शिक्षकापेक्षा एक तृतीयांशाने कमी, हेही त्याच कायद्यात. खेड्यातल्या मुलीला स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे जे मोजके मार्ग तेव्हा होते, त्यांत हा सर्वांत प्रतिष्ठेचा.

तेरेसांचा ओढा मात्र संन्यासाकडे होता. १८६८ मध्ये त्यांनी बुर्गोसजवळच्या ब्रिव्हिएस्का येथील क्लारा संघाच्या मठात प्रवेश घेतला. जगाशी संबंध तोडून प्रार्थनेत आयुष्य घालवणाऱ्या नन्सचा हा मठ होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राणी दुसरी इसाबेल हिची सत्ता उलथली आणि नव्या सरकारने मठांवर निर्बंध घातले. उमेदवारीचा काळ पुरा झाला तरी तेरेसांना व्रते घेता येईनात. त्यातच चेहऱ्यावर एक जखम झाली, ती बरी होईना. अखेर त्या मठ सोडून घरी परतल्या. पालाऊ यांनी शिक्षणकार्यासाठी उभ्या केलेल्या भगिनींच्या शाळांत त्यांनी काही काळ काम केले. पण १८७२ च्या मार्चमध्ये पालाऊ वारले आणि तो मार्गही अर्धवट राहिला.

या काळातल्या निराधार म्हाताऱ्यांची स्थिती समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट उलगडत नाही. पूर्वी अशांचा आधार म्हणजे मठांच्या दारातले अन्नछत्र आणि धर्मादाय संस्था. १८३६ पासून सरकारने मठांच्या जमिनी लिलावात काढल्या. १८५५ च्या कायद्याने धर्मादाय संस्थांच्या आणि गावांच्या सामाईक जमिनीही विक्रीला निघाल्या. बदल्यात संस्थांना सरकारी रोखे मिळाले, पण सरकारी तिजोरीतच खडखडाट असल्याने त्यांवर विसंबून राहण्यात अर्थ नव्हता. १८४९ च्या कायद्याने गोरगरिबांची सोय ही शासनाची जबाबदारी ठरवली होती खरी. प्रत्यक्षात प्रांतोप्रांतीच्या अनाथगृहवजा वसतिगृहांत टाकलेली मुले, भिकारी आणि वृद्ध एकाच छपराखाली राहत. निवृत्तिवेतनाची सक्तीची योजना कामगारांसाठी आली ती १९१९ मध्ये. म्हणजे शेतावर राबून थकलेल्या माणसाला मूल नसेल, किंवा असूनही ते विचारत नसेल, तर भीक मागणे एवढेच हाती उरे.

ही पोकळी ओळखली ती हुएस्का येथील धर्मगुरू सातुर्निनो लोपेस नोव्होआ यांनी. फक्त वृद्धांसाठी काम करणारा भगिनींचा संघ त्यांना उभारायचा होता. १८७२ मध्ये बार्बास्त्रो गावी त्यांच्या एका सहकाऱ्याशी तेरेसांची गाठ पडली. त्या स्वतः या कामात आल्याच, शिवाय बहीण मारिया हिलाही त्यांनी सोबत आणले. २७ जानेवारी १८७३ रोजी पहिल्या तुकडीने धर्मवेश धारण केला आणि प्रमुखपद तेरेसांकडे आले. तेव्हा त्या तीस वर्षांच्या होत्या. मुलींना हाताशी धरून शिकवण्याचा अनुभव इथे उपयोगी पडला असणार, कारण नव्याने येणाऱ्या भगिनींना घडवणे हेच त्यांचे पहिले काम होते.

पंधरा दिवसांत, ११ फेब्रुवारीला, स्पेन प्रजासत्ताक झाले. उत्तरेत कार्लिस्ट बंडखोरांचे युद्ध चालू होते. अशा धामधुमीत मे महिन्यात भगिनी वालेन्सियात पोचल्या आणि ११ मे रोजी तिथले पहिले घर सुरू झाले. तो निराधारांच्या मातेचा सण होता. मारियेचे हे रूप वालेन्सियाचे ग्रामदैवतच म्हणावे असे. मनोरुग्णांसाठी १४०९ मध्ये शहरात निघालेल्या आश्रमाशी त्याचा उगम जोडलेला आहे. मूर्तीची मान पुढे झुकलेली दिसते, म्हणून वालेन्सियाचे लोक तिला लाडाने कुबडी म्हणतात. आडवी ठेवून ती शवपेटीवर नेली जात असे, असे या झुकण्याचे कारण सांगितले जाते. वाकलेल्या म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या संघाला याहून शोभणारी आश्रयदात्री मिळणे अवघड होते. दोनच महिन्यांत शहरात बंड झाले, तोफा डागल्या गेल्या आणि ऑगस्टमध्ये सरकारी सैन्य आत शिरले. तरीही घर टिकले. पुढे संघाचे मुख्य ठिकाण झाले ते सांता मोनिका, म्हणजे तूरिया नदीपलीकडचा जुना ऑगस्टिनियन मठ. संन्यासी हुसकावल्यामुळे ओस पडलेली वास्तू वृद्धांनी भरली.

घरे चालत ती दानावर. भगिनी जोडीने बाजारात आणि दारोदार जात. भाकरी, भाजी, तेल, जुने कपडे, जे मिळेल ते घेऊन येत. हीच पद्धत फ्रान्समध्ये झान झ्युगाँ यांनी १८३९ पासून उभारलेल्या ‘गरिबांच्या लहान भगिनीं’ची होती आणि त्यांची घरे स्पेनमध्येही होती. दोन्ही संघांची नावे जवळजवळ सारखी, काम एकच आणि दाते तेच. त्यामुळे कुरबुरी होणे अटळ होते. १८८२ मध्ये समझोता झाला आणि स्पेनच्या संघाने ‘निराधार वृद्धांच्या लहान भगिनी’ हे नाव पक्के केले. हा वाद किरकोळ वाटेल, पण दानावर जगणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने नाव ही भांडवलाइतकीच मोलाची गोष्ट असते.

१८८५ च्या कॉलराने वालेन्सिया परिसराला जबर तडाखा दिला. संघानेही भगिनी आणि वृद्ध गमावले. त्याच सुमारास अटलांटिकपलीकडे, तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या क्यूबात, शाखा निघाल्या. १८८७ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी संघाला मान्यता दिली. तेरेसांचा बराचसा काळ प्रवासात, एका घरातून दुसऱ्या घरात, हिशेब आणि माणसे जुळवण्यात गेला. क्षयाने प्रकृती ढासळल्यावर त्या वालेन्सियाजवळच्या लिरिया येथील घरी राहिल्या. तिथेच २६ ऑगस्ट १८९७ रोजी, चोपन्नाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. वृद्धांची काळजी मन लावून घ्या, असे त्यांनी शेवटच्या दिवसांत भगिनींना बजावले होते. तोवर संघाची शंभराहून अधिक घरे झाली होती.

१९०४ मध्ये त्यांचे अवशेष वालेन्सियाच्या मुख्य मठात आणण्यात आले. पोप बारावे पायस यांनी १९५८ मध्ये त्यांना धन्य घोषित केले आणि २७ जानेवारी १९७४ रोजी पोप सहावे पॉल यांनी संतपद दिले. स्पेनमध्ये त्या वृद्धांच्या आश्रयदात्या संत मानल्या जातात आणि संघाचे वृद्धाश्रम आजही स्पेनमध्ये आणि लॅटिन अमेरिकेत चालू आहेत.