निकालानंतर सगळ्यांनाच ‘आधीपासून माहीत’ कसं असतं?

२३ मे २०१९. औरंगाबाद लोकसभा मतदारसंघात एमआयएमचे इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी जिंकले आणि १९९९ पासून सलग चार वेळा निवडून आलेले शिवसेनेचे चंद्रकांत खैरे हरले. कारणं लगेच सापडली. अपक्ष हर्षवर्धन जाधव यांनी सुमारे २ लाख ८३ हजार मतं घेतली, जलील यांना वंचित बहुजन आघाडीची साथ होती. मग दुसरं काय होणार?

जाधव रिंगणात आहेत हे मतदानाआधीही सगळ्यांना ठाऊक होतं. ते किती मतं खातील, हे मात्र कुणालाच नाही. सुमारे १२ लाख मतदारांपैकी फक्त २,२४७ जण जलील यांच्याकडून खैरेंकडे वळले असते, तर निकाल उलटा लागला असता. तेव्हाही ‘बालेकिल्लाच तो, खैरेच येणार होते’ असं तितक्याच ठामपणे सांगितलं गेलं असतं.

मानसशास्त्रात याला ‘हाइंडसाइट बायस’ म्हणतात. साध्या भाषेत, मागाहून आलेलं शहाणपण आधीचंच वाटणं. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाच्या दौऱ्यांवर निघाले, तेव्हा बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांना विचारलं: या दौऱ्यांत काय काय घडण्याची शक्यता किती? दौरे झाल्यावर त्यांनाच आपले जुने अंदाज आठवायला सांगितले. जे घडलं असं त्यांना वाटत होतं, त्याची शक्यता आपण आधीच जास्त धरली होती, असं बहुतेकांना ‘आठवलं’. हा अभ्यास १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला.

यात कुणी खोटं बोलत नसतं. जुना अंदाज मेंदूत फोटोसारखा साठवलेला नसतो. आठवताना तो नव्याने जुळवला जातो, आणि तोवर निकाल कळलेला असतो. निकालाशी जुळणाऱ्या गोष्टी चटकन सुचतात, बाकीच्या मागे पडतात.

तोटा असा की, आपला अंदाज चुकला होता हेच कळत नाही. पुढच्या वेळी आत्मविश्वास मात्र वाढलेला असतो. २०२४ च्या लोकसभेत याच मतदारसंघात शिंदे गटाचे संदिपान भुमरे १ लाख ३४ हजारांहून अधिक मतांनी जिंकले, जलील दुसरे, खैरे तिसरे. त्याच वर्षी विधानसभेला औरंगाबाद पूर्वमध्ये भाजपचे अतुल सावे जलील यांच्यापुढे २,१६१ मतांनी निसटले.

तुमचा अंदाज खरंच काय होता, हे तपासायचं असेल तर मतमोजणीच्या आदल्या रात्री कोण जिंकेल आणि त्याची शक्यता किती टक्के, हे लिहून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा. वेळेची नोंद आपोआप होते.