मातीच्या नावाने आलेला चेक

1905 साली व्हर्जिनियातल्या लुईसा काउंटीत ह्यू हॅमंड बेनेट हा तरुण मृदा-सर्वेक्षक हिंडत होता. एका उतारावर रान आणि शेत एकमेकांना लागून होतं. रानातली माती ओलसर, भुसभुशीत, नुसत्या हाताने उकरता येईल अशी. शेजारच्या शेतातली मात्र टणक आणि चिकट. मुळात माती एकच, पण शेतातला वरचा थर पाऊस वर्षानुवर्षं पापुद्र्यासारखा सोलून नेत होता. अमेरिकी शेतकऱ्याला आज जमीन राखण्यासाठी सरकारी चेक मिळतो, त्याचं एक मूळ या उतारावर आहे.

दुसरं मूळ बाजारात सापडतं. मंदीत भाव कोसळले, तेव्हा 1933 च्या कायद्याने पेरा घटवणाऱ्याला पैसे देऊ केले. उभा कापूस नांगरून टाकला गेला. रक्कम बहुतेक मालकाच्या हाती पडली; वाट्याने कसणाऱ्या कित्येक कुटुंबांना जमीन सोडावी लागली. 6 जानेवारी 1936 ला सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवली.

मधल्या काळात धुळीच्या वादळांनी मैदानी मुलूख झाकोळला होता आणि बेनेटच्या पाठपुराव्याने 1935 मध्ये मृदसंधारणाचा कायदाही झाला होता. सरकारने त्याच मातीचा आधार घेतला. 29 फेब्रुवारी 1936 च्या नव्या कायद्याने कापूस, मका यांसारख्या माती खंगवणाऱ्या पिकांचा पेरा कमी करून गवत किंवा द्विदल पिकं लावणाऱ्याला पैसे मिळू लागले. पेरा घटायचा तो घटलाच. कारण मात्र बदललं.

4 ऑगस्ट 1937 ला नॉर्थ कॅरोलिनातल्या अँसन काउंटीत ब्राउन क्रीक हा देशातला पहिला मृदसंधारण जिल्हा स्थापन झाला. हीच बेनेटची जन्मभूमी, त्याच्या वडिलांची कापसाची शेती इथलीच. उताराला आडवी नांगरट, पट्टापेरणी, बांध ही कामं आता गावकऱ्यांच्या विचाराने होऊ लागली.

पुढे जमीन लागवडीबाहेर राखण्यासाठी पैसे देणारी 1956 ची ‘सॉइल बँक’ योजना आली. सत्तरच्या दशकात धान्याचे भाव चढले आणि राखलेली जमीन पुन्हा नांगराखाली गेली. 1985 च्या शेती कायद्याने दहा ते पंधरा वर्षांचे करार आणले: धूप होणाऱ्या जमिनीवर गवत किंवा झाडं लावा, दर एकरी वार्षिक भाडं घ्या. एका काउंटीतली साधारण पाव लागवडजमीनच यात घ्यायची, अशी मर्यादाही घातली. कारण शेती थांबली की बी-बियाण्याची, खताची दुकानं आणि मजुरीही बसते. 2007 च्या सुमारास साडेतीन कोटींहून अधिक एकर करारात होते. मग मक्याचे भाव वाढले, मुदती संपल्या आणि कित्येक ठिकाणी गवत उलथून पुन्हा पेरणी झाली.

नव्वद वर्षं हे अनुदान माती आणि भाव या दोघांची चाकरी करत आलं आहे. दोघांत ओढाताण झाली की माती हरते. इंचभर माती घडायला शतकं लागतात, तिथे दहा वर्षांचं भाडं हा आरंभ झाला. मुदत संपलेल्या शेतकऱ्याला भाव चढलेला असतानाही गवत राखणं परवडावं, एवढी तजवीज झाली तरच लुईसाच्या त्या उताराचं ऋण फिटेल.