कामासानच्या बायकांची रेघ

मैत्रिणींनो, इंडोनेशियातल्या बाली बेटावर कामासान नावाचं गाव आहे. तिथं पिढ्यान् पिढ्या कापडावर चित्रं रंगवतात. विषय कोणते, तर रामायण, महाभारत! कापडाला तांदळाची खळ लावायची, उन्हात वाळवायचं, मग शिंपल्यानं घोटून गुळगुळीत करायचं. काळा रंग काजळीचा. अशी कापडं सणाला देवळात लावतात.

रेघ पुरुषानं ओढायची आणि रंग घरातल्या बायकांनी भरायचे, अशी जुनी वाटणी. नाव झालं, तर रेघ ओढणाऱ्याचं. रंग भरणाऱ्या किती जणी होऊन गेल्या, कोण सांगणार?

याच गावच्या मांगकू मुरियाती वडिलांकडून शिकल्या आणि स्वतः रेघ ओढू लागल्या. त्या देवळातल्या पुजारीणही आहेत.

आणि १९९० साली बालीत जन्मलेली चित्रा सास्मिता. तिकडेही ‘चित्रा’ म्हणजे प्रतिमाच बरं का! ती याच जुन्या पद्धतीनं रंगवते, पण तिच्या कापडावर वीरपुरुष नाहीत. सगळ्या बायका. कुणाच्या अंगातून झाड फुटलंय, कुणाभोवती ज्वाळा. २०२५ मध्ये तिची लांबलचक कापडं लंडनच्या बार्बिकन कलाकेंद्रात टांगली होती, तिच्या नावानं.