तांब्याचा पत्रा, लोखंडी खिळा आणि तपकिरी कागद : समुद्राकाठच्या एसीची जुनी गोष्ट

आजचा भाग खास खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्यांसाठी.

एसी घ्यायला दुकानात गेलं की आपला पहिला प्रश्न असतो, "किती स्टार?" प्रश्न बरोबर आहे. पण समुद्राकाठी आणखी एक विचारावा लागतो : हे मशीन खाऱ्या हवेत टिकणार किती? आणि गंमत म्हणजे हा प्रश्न एसीच्या जन्माआधीचा आहे. त्यासाठी थेट १७६१ सालात जाऊ या.

त्या काळी जहाजं लाकडी. उष्ण समुद्रात गेली की किडे त्यांचा तळ पोखरून काढायचे. ब्रिटिश नौदलाने उपाय म्हणून 'अलार्म' नावाच्या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला. जहाज वेस्ट इंडीजला गेलं आणि १७६३ मध्ये तपासलं गेलं. किड्यांचा बंदोबस्त झाला होता, पण पत्रा ज्या लोखंडी खिळ्यांनी ठोकला होता तेच खिळे कुजून गेले होते.

मात्र सगळे नाही, बरं का. काही खिळे बऱ्यापैकी शाबूत होते. का? तांब्याचे पत्रे गोदीत आले ते तपकिरी कागदात गुंडाळून. काही ठिकाणी तो कागद न काढताच पत्रा ठोकला गेला. जिथे खिळा आणि तांबं यांच्यामध्ये कागद राहिला, तिथे खिळा वाचला! निष्कर्ष सरळ होता : खाऱ्या पाण्यात लोखंड आणि तांबं एकमेकांना टेकू देऊ नका. नौदल पुढे तांब्याच्या मिश्रधातूच्या बोल्टांकडे वळलं.

असं का होतं, ते तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. व्होल्टाची बॅटरी आली १८०० मध्ये. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, की झाली बॅटरी तयार. त्यात एक धातू तगतो आणि दुसरा झिजतो.

आता तुमच्या एसीच्या आउटडोअर युनिटकडे बघा. आत तांब्याच्या नळ्या, त्यांच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन्स. दोन धातू टेकलेलेच असतात. वाऱ्याबरोबर मीठ येऊन बसतं, दमट हवेत ते ओलं राहतं आणि ॲल्युमिनियम झिजू लागतं. फिन्सवर पांढरी भुकटी दिसते, पुढे त्या हाताला लागताच तुटतात. नळीतली उष्णता बाहेर जाईनाशी होते आणि कॉम्प्रेसर तेवढ्याच गारव्यासाठी जास्त वीज ओढतो.

मुद्दा इथेच आहे. स्टार मोजले जातात ते नव्या मशीनचे. फिन्स गेल्या की पाच स्टारचं स्टिकर तेवढं उरतं. म्हणून समुद्राकाठी गंज रोखणं हाच वीज वाचवण्याचा अर्धा भाग.

मग फिन्सवर जाड लेप दिला की झालं? इथे सर हम्फ्री डेव्हीची गोष्ट ऐका. १८२४ मध्ये त्याने जहाजाच्या तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले. ते तुकडे झिजत आणि तांबं वाचे. प्रयोग शास्त्र म्हणून अगदी यशस्वी. पण तांबं झिजेना, म्हणून त्याचं विषही पाण्यात उतरेना. तळाला शिंपले, शेवाळ चिकटलं, जहाजं मंदावली आणि नौदलाने तो नाद सोडला. संरक्षण करताना मूळ काम बिघडता कामा नये. फिन्सचंही तसंच : लेप इतका पातळ हवा की उष्णता अडू नये, आणि सलग हवा, कारण खरचटलेल्या जागी गंज शिरतो.

तर खरेदीच्या वेळी काय बघायचं?

निळा किंवा सोनेरी रंग पाहून भुलू नका. काही लेप फक्त पाणी ओघळून जावं म्हणून असतात. लेप गंजरोधक आहे का, नळीसकट पूर्ण कॉइलवर आहे का, हे विचारा. मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीचे तास सांगितले तर दोन मॉडेलची तुलना करायला ते वापरा. ते तास म्हणजे तुमच्या गच्चीवरची वर्षं नव्हेत. पूर्ण ॲल्युमिनियमच्या कॉइलमध्ये दोन धातूंचा झगडा कमी होतो, पण गळती लागली तर दुरुस्ती अवघड. इन्व्हर्टर एसीच्या बाहेरच्या सर्किट बोर्डावरही संरक्षक लेप हवा. आणि वॉरंटीत गंज धरला आहे का, ते कागदावर वाचा.

आता स्टारकडे. लेबलवरचा वर्षाचा वीजवापर १६०० तास धरून काढलेला असतो. तुम्ही रोज आठ तास, वर्षातले आठ महिने एसी लावलात तर १९०० च्या वर तास होतात. म्हणजे जास्त आयएसईईआरचा फायदा तुम्हाला जास्त. पण खोलीपेक्षा मोठा एसी नको. १९०२ मध्ये विलिस कॅरियरने ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी यंत्रणा आखली ती हवेतला दमटपणा आवरायला, कारण कागद फुगून रंग सरकत होते. आपलंही दुखणं तेच. गरजेपेक्षा मोठं मशीन खोली पटकन गार करतं आणि दमटपणा काढण्याआधीच थंडावतं.

शेवटचं, फुकटातलं. आउटडोअर युनिट समुद्राकडच्या भिंतीवर लावू नका, घराच्या आडोशाला लावा. आडोशाला पाऊस लागत नाही, म्हणून मीठ साचत जातं. तेव्हा मेन स्विच बंद करून, हलक्या धारेने, गोड्या पाण्याने ते अधूनमधून धुवा. उन्हाळ्यात तर नक्कीच.

'अलार्म'च्या खिळ्यांना कागदाने वाचवलं ते चुकून. आपण मुद्दाम वाचवू या. भेटू पुढच्या भागात!